आठची गोळी

माझा हात हलका आहे, असं मी नाही म्हणत, वॉर्डातले लोक म्हणतात. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबसाठी रक्त काढतेय. ज्यांच्या शिरा कुणालाच सापडत नाहीत ते पेशंट मला बोलावून घेतात, आणि माझी पाठ वळली की म्हणतात, "बाईंचा हात हलका, पण तोंड! बाप रे." म्हणू देत. सकाळी सात वाजता चाळीस माणसांची रांग सांभाळून बघा, मग विचारा तोंड कसं सुटतं ते.

भावाचं रक्त मात्र मी त्याच्या घरी जाऊन काढायचे. तो माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. मी त्याला ठोंब्या म्हणते, पण ठोंब्या तो अजिबात नाही. कपडे शिवणाऱ्या मोठ्या दुकानात कटिंग मास्तर आहे, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच कंबर सांगतो आणि अर्धा इंचही चुकत नाही. फक्त बोलत नाही. लहानपणी पडला तरी सांगायचा नाही, गुडघा फुटलेला मला आंघोळ घालताना दिसायचा. किडन्या खराब झाल्या तेही असंच. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा आम्हाला पत्ता लागला. तोवर दोन्ही निकामी.

मग दोन वर्षं डायलिसिस. ठरलेलं लग्न मोडलं, नोकरी दुकानमालकाच्या भलेपणावर टिकली. मला साखरेचा आजार, त्यामुळे माझी किडनी घेईनात. तेव्हा आई उभी राहिली, वय वर्षं त्रेसष्ट. मी म्हटलं, "आई, वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली, "तुला विचारलंय का मी?" माझं तोंड कुठून आलं ते कळलं ना?

ऑपरेशनच्या आधी किडनीच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. "नव्या किडनीला शरीर आपलं मानत नाही. पहारा देणाऱ्या पेशी असतात. एकीला परकं काही दिसलं, तरी ती एकटी काही करत नाही. ती एक छोटासा रेणू बाहेर सोडते, निरोपच समजा. तो मिळाला की बाकीच्या जाग्या होतात, एकीच्या दहा होतात, दहाच्या हजार, आणि सगळ्या मिळून किडनीवर तुटून पडतात. आपण जी गोळी देणार आहोत ती पेशींना मारत नाही. ती त्यांना निरोप तयारच करू देत नाही. पण गोळीचं प्रमाण रक्तात पुरेसं हवं. कमी पडलं की निरोप सुटलाच म्हणून समजा."

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण परकं कुठंय त्यात? माझंच आहे की."

"तुमच्या खुणांपैकी निम्म्याच त्याच्यात उतरल्या, मावशी. उरलेल्या निम्म्या त्याच्या शरीराने कधी बघितलेल्याच नाहीत."

"अहो, नऊ महिने अख्खा माझ्या पोटात होता तो. मी नाही हाकललं त्याला."

मॅडम हसल्या. "तेव्हा आईचं शरीर आपणहून ते निरोप दाबून ठेवतं. मुलाच्या शरीराला ते जमत नाही, म्हणून तर ही गोळी."

आईने तिथल्या तिथे त्या औषधाचं बारसं केलं, गप्पगोळी. आणि आमचा ठोंब्या, जो वर्षातून एकदा विनोद करतो, तो म्हणाला, "मॅडम, ताईलाही लिहून द्या." मॅडमसकट सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

ऑपरेशन झालं आणि किडनी टेबलावरच काम करायला लागली. पुढची दोन वर्षं सोन्यासारखी गेली. भावाच्या चेहऱ्यावरचा राखाडी रंग गेला, तो दुकानात परत उभा राहिला. आई रोज सकाळी विचारायची, "किती झाली?" म्हणजे लघवी किती झाली. त्याच्यासाठी मापाचं प्लास्टिकचं भांडं ठेवलं होतं. तो आकडा सांगायचा आणि ही बाई पदक मिळाल्यासारखी घरभर फिरायची.

गप्पगोळी सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, बारा-बारा तासांनी. दर महिन्याला रक्तातलं तिचं प्रमाण तपासायचं. त्यात एक मेख आहे. रक्त नेमकं सकाळच्या गोळीच्या आधी काढायचं, म्हणजे रात्रभरानंतर किती औषध उरलंय ते कळतं. गोळी घेतल्यावर काढलं तर आकडा खोटाच फुगून येतो. दवाखान्यातल्या गर्दीत त्याला जंतू नकोत, त्याची दुकानाची वेळही चुकायला नको, म्हणून मी साडेसातला घरी जायचे, रक्त काढून डबीत घालून कामावर घेऊन जायचे. फॉर्म मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. त्यात एक रकाना असतो, 'शेवटची गोळी कधी घेतली'. मी त्यात दर वेळी तेच लिहायचे, काल रात्री आठ वाजता. दोन वर्षं तेच खरं होतं.

माझे त्याला दोन हुकूम होते. रक्त दिल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही, हा पहिला. आणि आठ म्हणजे आठ, हा दुसरा. दुसरा हुकूम मी त्याच्या दुकानात जाऊन दिला होता. एकदा संध्याकाळी सहज गेले तर साहेब आठ पंचवीसला गोळी घेत होते. मी जी सुरू झाले! "आईने पोट फाडून दिलंय ते तुला, आणि तुला घड्याळ बघता येत नाही?" एक गिऱ्हाईक छातीभोवती टेप घेऊन दोन्ही हात पसरून उभं होतं, ते तसंच उभं राहिलं, हात खाली करायची त्याची छाती होईना. शिलाई मशिनं थांबली. भावाने मान खाली घालून पाणी प्यायलं. त्या दिवसानंतर त्याची गोळी कधी एक मिनिटही इकडची तिकडे झाली नाही, आणि मी चारचौघांत सांगायचे, बघा, ओरडल्याशिवाय होत नाही.

त्या सकाळी मला उशीर झाला. कारण सांगायला लाज वाटते. शेजाऱ्याने त्याची गाडी माझ्या स्कूटरला आडवी लावली होती. मी बेल वाजवून त्याला खाली बोलावलं, आणि तो "एवढं काय त्यात" म्हणाला. झालं! एवढं काय म्हणजे? सोसायटीच्या नियमापासून त्याच्या कुत्र्यापर्यंत सगळं काढलं मी. गाडी त्याने हलवली पाच मिनिटांत, भांडण चाललं तासभर. भांडण मीच जिंकले.

भावाच्या घरी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, दुकानात गणवेशांचे ढीग. तो पिशवी खांद्याला लावून दारातच उभा होता.

"ताई, आज राहू दे का?"

"राहू दे? मी काय हवा खायला आलेय? बस तिथे."

"नाही म्हणजे, आज..."

"हात दे म्हटलं ना! मलाही कामावर जायचंय."

त्याने हात दिला. मी रक्त काढलं, वहीत वेळ टाकली, आठ पन्नास, आणि भरलेला फॉर्म नळीला गुंडाळून निघाले. गोळी घेतलीस का, असं मी त्याला विचारलं नाही.

दुपारी मॅडमचा फोन. "आकडा एकोणीस आलाय. नेहमी सातच्या आसपास असतो. रक्त गोळीच्या आधीचंच आहे ना?"

मी काय उत्तर दिलं असेल? "मॅडम, बावीस वर्षं हेच करतेय. मला विचारताय तुम्ही हे?"

"तसं नाही हो. तुम्ही काढलंय म्हटल्यावर शंका नाही. पण एवढं औषध किडनीलाच बाधतं. गोळी निम्मी करू या, आठवड्याने परत बघू."

गोळी निम्मी झाली. आठवड्याने भाऊ म्हणाला, गणवेशांचं संपू दे. मीही म्हटलं, संपू दे, तब्येत तर छान दिसतेय. असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी आईचा फोन आला. "अगं, सकाळपासून वाटीभरसुद्धा झाली नाही त्याला. आणि अंग तापलंय."

त्याला भरती केलं. रक्त दुसऱ्या कुणीतरी काढलं, नियमानुसार, गोळीच्या आधी. रिपोर्ट आमच्याच लॅबमधून निघाला आणि पहिल्यांदा माझ्याच हातात पडला. औषधाचा आकडा, साडेतीन.

मी तिथेच उभी राहिले. निम्म्या गोळीवर साडेतीन. म्हणजे पूर्ण गोळीवर सात, नेहमीसारखाच. मग ते एकोणीस आले कुठून? माझी वही काढली. आठ पन्नास. तो गोळी घेतो आठला. आकडा वाढलेला नव्हताच. मी खोटं रक्त नेलं होतं, आणि वर मॅडमना दटावून सांगितलं होतं की ते खरं आहे.

बायॉप्सी झाली. मॅडमनी आईला आणि मला बाहेर बोलावलं. किडनीत पेशींचे थवेच्या थवे शिरले होते. "औषध कमी पडलं, निरोप सुटले. आम्ही जोरदार इंजेक्शनं सुरू केली आहेत. बघू या." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकाएकी एवढं खाली कसं आलं कळत नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं." एवढा विश्वास होता त्यांचा माझ्यावर.

आई बाकावर बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "माझंच जुनं निघालं. म्हातारीचं काय घ्यायचं? त्याच्या शरीराला बरोबर कळलं असणार."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण मनात म्हटलं, आधी किडनी वाचू दे, मग सगळं सांगते, मग काय व्हायची ती शिक्षा होऊ दे. म्हणून मी म्हटलं, "चल, चहा घेऊ." जिच्या तोंडाला आयुष्यात कधी लगाम लागला नाही, ती मी, अकरा दिवस एक अक्षर बोलले नाही.

त्या अकरा दिवसांत माझ्या वाट्याला आणखी एक काम होतं. पेशी जे निरोप सोडतात, त्यातला एक रेणू लघवीत उतरतो. मॅडमचा विभाग तो मोजायला नमुने आमच्याकडे पाठवायचा. प्लास्टिकची एक ताटली असते, तिच्यात शहाण्णव बारके खळगे. प्रत्येकात एकेका पेशंटचा थेंब. दोन-तीन द्रावणं घालून थांबायचं, मग निळा रंग चढतो, आणि शेवटी आम्ल टाकलं की निळ्याचा पिवळा होतो. जेवढे निरोप जास्त, तेवढा पिवळा गडद. खळग्यांवर नावं नसतात, नंबर असतात. पण त्याच्या बाटलीवरचं लेबल मीच चिकटवलं होतं.

पहिल्या दिवशी त्याचा खळगा हळदीसारखा गडद झाला. आजूबाजूचे सगळे फिकट, आणि मधे हा एक. माझी जोडीदारीण म्हणाली, "याचं काही खरं नाही गं." तिला माहीत नव्हतं कुणाचा तो. मी म्हटलं, "तू तुझं काम कर."

चौथ्या दिवशी रंग उतरला. खरंच उतरला. मी ताटली उजेडाला धरून तीनदा बघितली, मशिनमध्ये घालून आकडा बघितला. धावत वॉर्डात गेले, भावाला म्हटलं, "ठोंब्या, उतरतंय!" तो हसला. आईने विचारलं, "किती झाली?" तो म्हणाला, "दोन वाट्या." आईने माझा हात घट्ट धरला. त्या दिवशी मला वाटलं, सुटले. कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही, असंही वाटलं. हे लिहितेय तेव्हा माझ्यावरच मला थुंकावंसं वाटतं, पण वाटलं होतं खरं.

सातव्या दिवशी पुन्हा गडद. मॅडमनी आणखी जालीम औषध दिलं. नवव्या दिवशी त्याहून गडद. निरोप एकदा पसरले की मग गोळी वाढवून भागत नाही, ते पोचलेले असतात. अकराव्या दिवशी मॅडमनी खुर्ची ओढून आईसमोर बसून सांगितलं की किडनी गेली. परत डायलिसिस. आई म्हणाली, "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत हो." आणि मॅडमच्याच पाठीवरून हात फिरवला.

डायलिसिसच्या हॉलमध्ये दुपारी मी त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. नळीतून त्याचं रक्त मशिनमध्ये जात होतं, स्वच्छ होऊन परत येत होतं. त्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या ओळखीच्या, दोन वर्षांपूर्वी इथूनच सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला होता.

मी विचारलं, "त्या दिवशी मला उशीर झाला होता. तू गोळी घेतली होतीस?"

"हो."

"आठला?"

"आठला. तू आली नाहीस. मग म्हटलं, आठ म्हणजे आठ."

"अरे, मग सांगितलं का नाहीस मला?"

तो मशिनच्या आकड्यांकडे बघत राहिला. "तू ओरडली असतीस."

रागाने नाही म्हणाला. कंबर छत्तीस सांगावी तसं म्हणाला.

"एवढ्यासाठी? ओरडले असते तर ओरडले असते! एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"तुला ती एवढीशी वाटते, ताई."

तोच पुढे बोलला, आयुष्यात एवढं सलग कधी बोलला नसेल. "मी सांगायला लागलो होतो. तू म्हणालीस हात दे. मला वाटलं, एका वेळेने काय होतंय. नंतर गोळी कमी केली तेव्हा वाटलं, बरं झालं, सुधारतोय मी. तुझ्या एकटीचं नाही चुकलं. तू नको मनाला लावून घेऊस."

मला तिथे सगळ्यांसमोर रडू फुटलं. मोठ्याने. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा दुसरीकडे बघायला लागले. त्याने मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला, जसा मी तो लहान असताना त्याच्या डोक्यावर ठेवायचे.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईला नको सांगू."

"आईला वाटतंय, तिची किडनी खराब होती म्हणून गेली."

त्याने डोळे मिटले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांग. आजच सांग."

जाताजाता मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वही समोर ठेवली. त्यांनी वेळ बघितली, मग फॉर्मवरचा माझा आदल्या दिवशीचा मजकूर बघितला. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी परत एकदा रक्त मागवायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत. मीच तोंड बंद केलं तुमचं." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

आई घरी एकटी होती. भावाच्या पँटी घडी करत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. शेजाऱ्याची गाडी, उशीर, आठची गोळी, न विचारलेला प्रश्न, मॅडमना दिलेलं उर्मट उत्तर, अकरा दिवसांचं गप्प राहणं. काही लपवलं नाही. सांगताना तिच्या हातांकडे बघत होते, कारण लहानपणी तिचा हात फार लवकर उठायचा, आणि आज तो उठावा असं मला फार वाटत होतं.

हात उठला नाही. घडी घालायची थांबली, एवढंच. मग तिने विचारलं, "म्हणजे माझं चांगलं होतं?"

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"माझं. दिलेलं. ते चांगलं होतं?"

"चांगलं म्हणजे? आई, उत्तम होतं. त्यात काहीच खोट नव्हती."

"परत सांग."

"उत्तम होतं, आई. आमच्यामुळे गेलं. माझ्यामुळे."

तिचा चेहरा असा काही सैल पडला की मला बघवेना. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला वाटायचं, मीच त्याला कुजकं दिलं. रोज वाटायचं. आपल्याच पोराला आपण..." पुढचं तिला बोलता येईना. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. तिने ते टेकू दिलं.

"ओरड ना गं आई मला," मी म्हटलं. "काहीतरी बोल."

तिने बाजूला ठेवलेली पँट परत हातात घेतली. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, भाव विचारावा तसा.

"चांगलं होतं तर किती वर्षं चाललं असतं?"

खोटं सांगता आलं असतं. दोन-तीन वर्षं म्हटलं असतं तर तिने मान हलवून सोडून दिलं असतं. पण आता माझ्याच्याने होईना.

"दहा-बारा वर्षं. नीट सांभाळलं असतं तर जास्तही."

तिने मनातल्या मनात हिशेब केला. तिच्या वयाचा, मग त्याच्या वयाचा. तिची बोटं पँटच्या शिवणीवरून पुढे सरकत होती, ती थांबली.

"म्हणजे मी गेल्यावरही ते त्याच्याजवळ राहिलं असतं," आई म्हणाली.

मी हो म्हटलं.